दादासाहेबांचा मुलगा

दुसऱ्या बाजीरावाविषयी वर्गात विचारावे, ‘कसा होता रे?’ पुरता प्रश्न संपायच्या आत ‘पळपुटा!’ असा एकच गजर उठतो. मुलांचा त्यात दोष नाही. आपण सर्वांनीच त्याला त्या एका शब्दात बसवून ठेवले आहे. इतिहासाच्या पुस्तकात माणसे एकदम जाणत्या वयातच प्रवेश करतात, ही मोठी अडचण आहे. खडकीच्या लढाईच्या दिवशी पर्वतीवर उभा असलेला बाजीराव आपल्याला ठाऊक असतो. पण त्या बाजीरावाला लहानपण होते, तो कुणाच्या तरी कडेवर बसला असेल, धुळाक्षरे गिरवली असतील, हे आपल्या मनातही येत नाही. मला आज सांगायचे आहे ते त्या मुलाविषयी.

तो मुलगा दिसायला, वागायला, बोलायला कसा होता, हे आपल्याला ज्याने सांगितले तो त्याचा मित्र नव्हता. १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर कंपनी सरकारने ग्रँट डफ नावाच्या अधिकाऱ्याला साताऱ्यास छत्रपतींपाशी नेमले. तो तिथे १८२२ पर्यंत राहिला, जुनी दप्तरे धुंडाळली, आणि मराठ्यांचा इतिहास लिहून १८२६ साली छापला. ज्यांनी बाजीरावाचे राज्य घेतले त्यांच्यातलाच हा एक. त्याला बाजीरावाची तारीफ करण्याचे काही कारण नव्हते. तरीसुद्धा तरुणपणच्या बाजीरावाचे वर्णन करताना त्याची लेखणी सैल सुटली आहे. रूप देखणे, वागणे सौम्य, बोलणे असे की समोरच्याचे मन सहज वळावे. घोड्यावर पक्की मांड, तिरंदाजीत निष्णात, तलवार आणि भाला दोन्ही सफाईने चालवणारा. आणि शास्त्रग्रंथांचे वाचन एवढे की त्याच्या वयाचा तेवढा व्युत्पन्न दुसरा पंडित नव्हता. हे सगळे अवघ्या वीस वर्षांच्या पोराविषयी. आयाबायांनी आपल्या मुलांना ‘बघ जरा त्याच्याकडे!’ म्हणून दाखवावा, असा हा मुलगा.

आणि तो होता कुठे? जुन्नरास, शिवनेरीच्या पायथ्याच्या मुलखात, पहाऱ्यात.

माझी निम्मी हयात मुलांत गेली आहे. वर्गातला खोडकर मुलगा मला कधी काळजीत पाडत नाही. पण ज्याचे अक्षर मोत्यासारखे, ज्याची कधी कागाळी नाही, जो बोलण्याआधी मोठ्यांच्या चेहऱ्याकडे पाहून घेतो, असा मुलगा आला की मी जरा सावध होतो. घरात काहीतरी असते. मुलाला ते कुणी सांगितलेले नसते, पण त्याला ते ठाऊक असते, आणि त्याची भरपाई तो आपल्या चांगुलपणाने करीत असतो. बाजीरावाच्या घरात काय होते, ते तर साऱ्या मुलखाला ठाऊक होते.

३० ऑगस्ट १७७३. गणपतीचे दिवस. नारायणराव पेशवा अठरा वर्षांचा होता. पगार थकल्याचे निमित्त करून गारदी भर दुपारी शनिवारवाड्यात शिरले. नारायणराव जीव घेऊन धावला तो आपल्या काकांकडे, रघुनाथरावांकडे. सारे त्यांना दादासाहेब म्हणत. त्यांच्या कमरेला त्याने मिठी घातली, आणि त्या मिठीतून ओढून काढून गारद्यांनी त्याला तोडले. गारद्यांना दिलेल्या आज्ञेत ‘धरावे’ असे होते, कुणीतरी ‘ध’चा ‘मा’ केला, आणि तो हात आनंदीबाईंचा, असे लोक तेव्हापासून म्हणत आले आहेत. अक्षर कुणी बदलले हे कुणी डोळ्यांनी पाहिले नव्हते. पण पुतण्याला धरण्याचा मनसुबा दादासाहेबांचा होता, एवढे तर त्या गोष्टीतही कबूल आहे.

आता सातारकरांचा या कथेशी संबंध येतो. या खुनाची चौकशी केली ती रामशास्त्री प्रभुण्यांनी. ते साताऱ्याजवळच्या क्षेत्र माहुलीचे. लहानपणी साताऱ्यात एका सावकाराच्या घरी पाणी घालायचे काम करीत असता त्याच्या भिकबाळीकडे टक लावून पाहिले म्हणून बोलणे खाल्ले, आणि त्या रागाने मुलगा काशीस विद्येला गेला, ही गोष्ट आपल्याकडे अजून सांगतात. त्या शास्त्रीबोवांनी काही आठवडे चौकशी केली आणि दादासाहेबांना तोंडावर सांगितले की या पापाला देहान्त प्रायश्चित्ताखेरीज दुसरे प्रायश्चित्त नाही. एवढे बोलून ते पुण्यातून बाहेर पडले, ते वाईजवळ एका लहानशा गावी येऊन राहिले. पुढे बारभाईंनी त्यांना मानाने परत बोलावले हे खरे, पण त्या दिवशी त्यांनी नोकरीवर पाणी सोडले होते.

न्याय सांगितला गेला. त्याचा अंमल मात्र झाला नाही. दादासाहेबांनी तर साताऱ्याहून पेशवाईची वस्त्रेही आणवली. वस्त्रे देणारे छत्रपती रामराजे. दुसऱ्या वर्षी १८ एप्रिल १७७४ रोजी नारायणरावाच्या विधवेला, गंगाबाईला, पुरंदरावर मुलगा झाला, आणि मे महिन्यात त्याच रामराजांची वस्त्रे त्या चाळीस दिवसांच्या पाळण्यातल्या बाळासाठी साताऱ्याहून पुरंदरावर गेली. आठ महिन्यांच्या आत एकाच गादीने खुनाचा आळ असलेल्यालाही पेशवा केले आणि खून झालेल्याच्या मुलालाही. रामराजांना दोष देण्यात अर्थ नाही. ते स्वतःच साताऱ्यास एका परीने अडकवून ठेवलेले होते. पण वस्त्रे नेणाऱ्या स्वारांना वाटेत काय वाटले असेल, असे मनात येते खरे.

गारद्यांपैकी काही पुढे सापडले, त्यांना भयंकर शिक्षा झाल्या. दादासाहेब पळाले, इंग्रजांना मिळाले, लढाया झाल्या. त्या धामधुमीत आनंदीबाईंना त्यांनी धारच्या किल्ल्यात ठेवले होते. तिथे १० जानेवारी १७७५ रोजी बाजीराव जन्मला. किल्ल्याला वेढा पडला आणि बाळ-बाळंतीण दोघेही पुणेकरांच्या हवाली झाली. म्हणजे दृष्टही काढून झाली नसेल तोच हे मूल कैदी झाले.

नाते ध्यानात घ्या. पुरंदरावर जन्मलेला सवाई माधवराव आणि धारेत जन्मलेला बाजीराव. नात्याने बाजीराव चुलता, माधवराव पुतण्या. वयाने चुलताच पुतण्यापेक्षा नऊ महिन्यांनी लहान. एकाचा बाप मारला गेला, दुसऱ्याच्या बापाने मारवला. दोघांपैकी एकानेही ती दुपार पाहिली नव्हती.

१७८२ साली सालबाईचा तह झाला. दादासाहेबांनी राजकारण सोडून दरमहा पंचवीस हजारांच्या नेमणुकीवर गोदावरीकाठी कोपरगावी राहावे असे ठरले. तिथे ते वर्ष-दीड वर्षात, १७८३ च्या डिसेंबरात वारले. बाजीराव तेव्हा नऊ वर्षांचाही नव्हता. धाकटा चिमाजी आईच्या पोटात होता, तो पुढच्या वर्षी जन्मला. थोरला अमृतराव दत्तक. तीन मुलगे आणि आनंदीबाई, एवढे ते कुटुंब. पुढे नाशकाजवळ आनंदवल्लीस, आणि १७९४ साली आनंदीबाई वारल्या तेव्हापासून मुले जुन्नरास. वाड्याचे दार उघडे, पण दारावर नाना फडणविसांची माणसे.

मी कादंबऱ्या लिहितो. तेव्हा इथे मोह होतो की कोपरगावच्या त्या वाड्यात शिरावे आणि आठ वर्षांचा मुलगा आईला काय विचारतो ते ऐकावे. ‘आपल्याला पुण्याला का जाऊ देत नाहीत?’ हा प्रश्न त्याने कधीतरी विचारलाच असेल. कोणत्या घरातले मूल विचारणार नाही? आईने काय उत्तर दिले असेल? पण मी आज इतिहास सांगायला बसलो आहे. त्या वाड्यातले बोलणे कुणी टिपून ठेवले नाही.

टिपून ठेवले आहे ते पुढचे. पुण्यास सवाई माधवराव वाढत होता, तोही नानांच्या कडक देखरेखीखाली. मार्च १७९५ मध्ये खर्ड्याला मोठा जय मिळाला, पण तरुण पेशव्याला मोकळे फिरण्याची मुभा काही मिळाली नाही. जुन्नरच्या भावबंदाची कीर्ती त्याच्या कानी येत होती. त्याला त्याच्याविषयी ओढ वाटू लागली. नानांना हे मुळीच रुचले नाही. त्यांनी आनंदीबाई आणि दादासाहेबांचे गुण सांगून त्याला सावध केले. आडात असेल तेच पोहऱ्यात येणार, असा एकूण अर्थ. तरी एका मध्यस्थाच्या हाती जुन्नरहून निरोप आला. मजकूर थोडक्यात असा की तुम्ही पुण्यात अडकलात, आम्ही जुन्नरात. शरीरे अडकली तरी मने मोकळी आहेत. एक दिवस आपण दोघे मिळून वाडवडिलांसारखे पराक्रम करू. माधवरावानेही उलट निरोप पाठवला. ते नानांना कळले. मध्यस्थ बेड्या घालून किल्ल्यावर गेला, जुन्नरचा पहारा दुप्पट झाला, आणि पेशव्याला खडे बोल ऐकावे लागले.

हा निरोप कावा होता की खरा स्नेह? आपले इतिहासकार बहुतेक कावा मानतात. माणूस पुढे कसा निघाला हे ठाऊक असले की त्याचे पूर्वीचे प्रत्येक गोड वाक्य खोटे वाटते. मला वाटते, एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाच्या मनात दोन्ही एकदम असू शकतात. जन्मापासून ज्याला दुसऱ्याच्या मेहेरबानीवर जगावे लागले, त्याला गोड बोलणे हेच एक हत्यार मिळालेले असते. ते हत्यार उचलले म्हणून त्याचा स्नेह खोटाच, असे मला म्हणवत नाही.

त्या वर्षीच्या दसऱ्यानंतर सवाई माधवराव शनिवारवाड्याच्या सज्जातून खाली पडला, आणि दोन दिवसांनी, २७ ऑक्टोबर १७९५ रोजी, गेला. मरताना त्याने आपल्यामागे बाजीरावाला बसवावे अशी इच्छा सांगितली, असे ग्रँट डफ लिहितो. बापाचा खून ज्याच्या बापावर आला त्याचे नाव या मुलाने घ्यावे! शहाण्यासुरत्या कारभाऱ्यांपेक्षा हे दोन पोरच शहाणे निघाले असते की काय, कोण जाणे.

आता तासगावकर येतात. परशुरामभाऊ पटवर्धन म्हणजे त्या काळचा नामांकित सरदार. पटवर्धन दादासाहेबांचे जुने विरोधक, नानांचे जुने स्नेही. बाजीरावाला पुण्यास आणायला नानांनी भाऊंनाच जुन्नरास पाठवले. बंधू अमृतरावाला त्यांचा भरवसा वाटेना. तेव्हा भाऊंनी गाईचे शेपूट हाती धरून, गोदावरीची शपथ वाहून, दगा नाही असे सांगितले. मग बाजीराव निघाला. विचार करा: मुलगा पेशवा व्हायला निघाला आहे, आणि त्याला घ्यायला आलेल्या माणसाला गाईचे शेपूट धरून शपथ घ्यावी लागते.

शपथ टिकली नाही. पुण्यात शिंद्यांचे कारभारी, नाना, भाऊ यांचे डाव रोज बदलत होते. ते सगळे सांगत बसलो तर फराळ निवेल. इतकेच सांगतो की त्याच वर्षी मे महिन्यात, १७९६ साली, बाजीरावाला बाजूला सारून भाऊंनी धाकट्या चिमाजीला पेशवा केले. कसे? तर सवाई माधवरावाच्या विधवेच्या, यशोदाबाईच्या, मांडीवर त्याला दत्तक बसवून! यशोदाबाई स्वतः लहान मुलगी. चिमाजी बारा वर्षांचा. शास्त्राने पाहिले तर चुलता पुतण्याचा मुलगा झाला. आणि व्यवहाराने पाहिले तर रघुनाथरावाच्या पोटच्या पोराने नारायणरावाला आजोबा म्हणून पिंड द्यायचा.

चिमाजीने नको म्हटले होते. थोरल्या भावाचा हक्क मी घेणार नाही, असे तो बारा वर्षांचा मुलगा साफ म्हणाला, आणि त्याला जबरदस्तीने बसवण्यात आले. या साऱ्या प्रकरणात स्वच्छ बोललेला असा हाच एक. पुढे डाव फिरला, डिसेंबरात बाजीराव पेशवा झाला, शास्त्री मंडळींनी दत्तविधान रद्द ठरवले, आणि प्रायश्चित्त घ्यावे लागले ते कुणाला? चिमाजीला. १७७३ साली माहुलीच्या शास्त्र्याने ज्याला प्रायश्चित्त सांगितले त्याने ते घेतले नाही, आणि तेवीस वर्षांनी त्याच्या बारा वर्षांच्या मुलाने, ज्याने काहीच केले नव्हते, ते घेतले. चिमाजीअप्पावर कुणी नाटक लिहिलेले मला ठाऊक नाही. लिहायला हवे होते.

नाटकाचे नाव निघाले म्हणून सांगलीकडे वळतो. पण त्याआधी कराडजवळच्या टेंभूला थांबले पाहिजे. टेंभूचे गोपाळ गणेश आगरकर. त्यांनी शेक्सपिअरचे ‘हॅम्लेट’ मराठीत आणले, ते ‘विकारविलसित’ या नावाने १८८३ साली निघाले. काकाने बापाला मारले आहे आणि मुलाला त्याचे ओझे पेलत नाही, ही ती कथा. पुढे दहाच वर्षांनी, १८९३ च्या सुमारास, सांगलीत जन्मलेल्या कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी तरुण वयात ‘सवाई माधवरावांचा मृत्यु’ लिहिले. त्यांच्या माधवरावात डेन्मार्कचा तो राजपुत्र स्पष्ट दिसतो. १९०९ साली ‘भाऊबंदकी’ आले. रामशास्त्री दादासाहेबांसमोर उभे राहतात तेव्हा आमच्या आजोबांच्या पिढीचे लोक नाटकगृहात श्वास धरून बसत.

आपल्या इतिहासात शेक्सपिअरने न लिहिलेले एक पात्र आहे, हे मात्र कुणाच्या लक्षात आले नाही. त्याच्या नाटकात पापी काकाला मूल नाही. आपल्या काकाला होते. मारल्या गेलेल्या बापाच्या मुलाला सहानुभूती मिळते, त्याची स्वगते लोक पाठ करतात. मारणाऱ्या बापाच्या मुलाने स्वगत म्हणायचे कुठे? ‘भाऊबंदकी’त बाजीराव नाही, असणार कसा, तो जन्मला नव्हता. माधवरावाच्या नाटकातही मध्यभागी तो नाही. खाडिलकरांच्या प्रतिभेविषयी मला परम आदर आहे. पण जुन्नरच्या त्या मुलाकडे त्यांची नजर गेली असती तर मराठी रंगभूमीला एक निराळाच नायक मिळाला असता.

हे सारे तपशील हाती आले तेही बरेचसे आपल्याच भागातून. मिरजेच्या शाळेत शिकवता शिकवता वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांचे दप्तर उलगडले आणि ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे भागामागून भाग छापले. साताऱ्यास दत्तात्रय बळवंत पारसनिसांनी कागद जमवण्यात आयुष्य घालवले. शाळामास्तराच्या पगारात खऱ्यांनी हे कसे साधले, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

पेशवा झाल्यावरचा बाजीराव आपल्याला माहीत आहे, तेव्हा ते भराभर सांगतो. ज्या नानांनी शेवटी गादीवर बसवले त्यांनाच १७९७ च्या अखेरीस कैद. १८०१ मध्ये विठोजी होळकराला हत्तीच्या पायी दिले, आणि स्वतः ते पाहिले. त्या सुडाचा सूड म्हणून यशवंतराव पुण्यावर आला, आणि १८०२ च्या शेवटच्या दिवशी वसईला इंग्रजांशी तह झाला. पटवर्धनांवर तर त्याची कायमची वक्रदृष्टी. भाऊ १७९९ साली कोल्हापूरकरांशी लढताना पडले, तरी बाजीरावाचा राग त्यांच्या घराण्यावर तसाच राहिला. अखेर १८१२ साली पंढरपुरास एल्फिन्स्टनने मध्ये पडून जहागीरदारांचा बचाव केला. म्हणजे बापाच्या वैऱ्यांचा सूड मुलांवर घ्यायचा, हा धडा बाजीराव ज्या शाळेत शिकला तीच शाळा त्याने पुढे चालवली. या कृत्यांवर पांघरूण घालण्याचा माझा विचार नाही. विठोजीच्या आईलाही मुलगा होता आणि पुण्यात लुटले गेलेल्या सावकारांनाही मुलेबाळे होती. जुन्नरचा पहारा ही त्याची सबब होऊ शकत नाही.

मात्र एक गोष्ट पुणेकरांना तेव्हाही दिसत होती. शनिवारवाड्यात बाजीरावाचे मन रमत नसे. त्याने शुक्रवारात वाडा बांधला, बुधवारात बांधला, विश्रामबाग वाडा बांधला. वाड्यांची हौस म्हणावी तर आजोबाचा एवढा वाडा होताच. लोक म्हणत, नारायणराव त्याला दिसतो. पंढरपूरच्या कुणा सत्पुरुषाने ते भूत घालवले. त्या पापाच्या शांतीसाठी बाजीरावाने ब्राह्मणभोजने घातली, पुण्याभोवती लाखांनी आंब्याची झाडे लावली, अशा आख्यायिका आहेत. भुतांवर माझा विश्वास नाही. पण भूत दिसायचे तर ते दादासाहेबांना दिसायला हवे होते. त्यांना दिसल्याचे कुणी सांगत नाही. ज्याच्या जन्माआधी सोळा महिने ती दुपार होऊन गेली होती, त्याला ते दिसे.

१८१८ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी साताऱ्याचा किल्ला घेतला, आणि जूनमध्ये बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला. वर्षाला आठ लाखांची नेमणूक घेऊन तो गंगाकाठी ब्रह्मावर्तास जाऊन राहिला. तिथे त्याने स्नानसंध्या, दानधर्म, पुराणश्रवण यांत पुढची तीस-बत्तीस वर्षे काढली. नारायणराव तिथेही परत आला होता, असे म्हणणारे म्हणतात. लग्ने पुष्कळ केली, पण मुलगा वाचला नाही. शेवटी माथेरानच्या पायथ्याच्या वेणगावचा एक मुलगा दत्तक घेतला, धोंडोपंत. २८ जानेवारी १८५१ रोजी बाजीराव वारला. कंपनी सरकारने ती नेमणूक त्या मुलाला चालू ठेवण्याचे नाकारले. अर्ज गेले, विलायतेपर्यंत वकील गेला, उत्तर एकच आले. हा धोंडोपंत म्हणजे नानासाहेब. सहा वर्षांनी कानपुरास काय झाले ते वर्गातल्या मुलांना पाठ आहे.